सांधलेलं भगदाड

नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राची धुराडी जिथून बोटाएवढी दिसतात, तिथल्या एका तळ्यावर धोंडबा आणि प्रेमिला हे ढिवर जोडपं मासे धरतं. धोंडबा जाळं टाकतो, प्रेमिला डोंगा वल्हवते आणि फाटलेली जाळी सांधते. सांधण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. तिची गाठ दुहेरी. एकदा बसली की सुरीनेच सुटते. धोंडबाला दमा होता. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून घरी आणताना तिने त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की यापुढे बुडी मारायची नाही.

गेल्या हिवाळ्यात नागपुरात जुनी जाळी विकणाऱ्या रोशनकडून त्यांनी एक जाळं आणलं. कोकणातल्या मोठ्या बोटीवरचं, हिरवं, दणकट. पण मधोमध माणूस आरपार जाईल एवढं भगदाड. ते फाटलेलं नव्हतं, कोणीतरी सुरीने कापलेलं होतं.

"समुद्रावरचे लोक भलतेच आळशी दिसते," प्रेमिला म्हणाली. तीन दुपारी अंगणात बसून तिने निळ्या दोऱ्याने ते बंद केलं. फाटकं जाळं पाण्यात टाकायचं म्हणजे तिच्या लेखी चारचौघांत नाक कापून घेणं.

पहिल्या सकाळी जाळं दोघांनाही ओढवेना इतकं जड लागलं. वर आलं तर रिकामं. ओढताना तोंडावर उडालेलं पाणी प्रेमिलेला खारट लागलं. सकाळच्या लोणच्याची चव असेल, असं म्हणून तिने तो विषय संपवला.

दुसऱ्या सकाळी पाठीमागे आवाज झाला. फूस्स. एकच, लांब.

"औषध घेतलं नाही का जी? केवढ्यानं श्वास टाकून राहिले."

धोंडबाच्या गालात तंबाखूचा खर्रा होता. त्याने मान हलवली. "मी कुठं काय केलं वं?"

प्रेमिलेने वळून पाहिलं. पाण्यावर एक गोल पसरत होता.

तिसऱ्या दिवशी तो आवाज दोनदा आला आणि मासा एकही आला नाही. जाळं पुन्हा टाकून घरी आल्यावर तिने फोन लावला.

"काहून गा रोशन, या जाळ्यात काय फसलं होतं?"

"डॉल्फिन होती म्हणे, मावशी. पिल्लाची माय. तो मासा नाही ना, आपल्यासारखं वर येऊन श्वास घ्या लागते त्याले. धरायचे होते मासे, फसली ते. गुदमरून मेली, मंग जाळं कापून काढली तिले."

"अन् पिल्लू?"

"बोटीभोवती फिरून राहिलं होतं म्हणे. मंग कोणाले दिसलं नाही."

प्रेमिलेला रडू आलं. बराच वेळ ती जाळं विणायची सुई हातात घेऊन बसली.

चौथ्या सकाळी जाळं तळाशी अडकलं. दोघांनी ओढलं, जागचं हलेना.

"राहू द्या जी. कापून टाकू."

"एवढं चांगलं जाळं कापते का वं?" धोंडबा म्हणाला आणि तिने हात धरायच्या आत त्याने उडी मारली.

प्रेमिला मोजू लागली. गाठी मोजते तसं. वीस. तीस.

हातातला दोर जोराने खाली ओढला गेला.

चाळीस. बुडबुडे येत होते.

पन्नास. बुडबुडे थांबले.

तिने कमरेची सुरी काढली आणि एक पाय डोंग्याबाहेर टाकला.

तेवढ्यात पाणी फुगून वर आलं आणि धोंडबा छातीपर्यंत बाहेर उसळला, कोणी खालून उचलून धरल्यासारखा.

फूस्स. या वेळी श्वास त्याचाच होता.

प्रेमिलेचा जीव भांड्यात पडला. तिने त्याला डोंग्यात ओढलं, पाठीत दोन धपाटे घातले, यथेच्छ शिव्या दिल्या आणि त्याचं डोकं पोटाशी धरून रडली.

"पाय अडकला होता वं," तो म्हणाला. "तू खालून ढकललं म्हून वाचलो."

प्रेमिलेचे केस कोरडे होते.

जाळं आता अलगद वर आलं. भगदाड पुन्हा उघडं होतं. निळा दोरा धोंडबाच्या घोट्याभोवती सैल गुंडाळलेला होता. अख्खा, कुठेही न कापलेला, आणि त्यात एकही गाठ नव्हती.

ते भगदाड तिने पुन्हा सांधलं नाही. लोक हसतात, तीही हसते. रोहू, कतला भरपूर मिळतात. धोंडबाचा दम्याचा पंप त्या दिवसापासून फळीवर धूळ खात पडलाय, आणि घरात कधी नव्हे ती शांत झोप लागते. रोज सकाळी तळ्याच्या मध्यावर एक श्वास ऐकू येतो. शेजारणीला म्हणावं तसं प्रेमिला त्याला "हं" म्हणते.

गेल्या आठवड्यात तो श्वास आला, ती "हं" म्हणाली. मग त्याच्या मागोमाग दुसरा आला. छोटा, थकलेला.

धोंडबाचा खर्रा तोंडातच राहिला. "समुद्र किती दूर असन वं इथून?"

प्रेमिलेने डोळे पुसले. तिला फार बरं वाटलं होतं. डोंगा काठाला लावून ती उतरली, आणि थांबली.

काठावरच्या राखाडी चिखलात, डांबरी रस्त्यापासून थेट पाण्यापर्यंत, काहीतरी सरपटत गेल्याची हातभर रुंद, ओली वाट होती.