सखाराम मिस्त्रींची चूक

"भूषण, खरं सांग... आज तरी मला खरं सांग!"

जैनाबादच्या त्या लहानशा घराच्या दारात आबा उभे होते. अकरा वर्षांत ज्या घराकडे त्यांनी एकदाही पाऊल वळवलं नव्हतं, त्याच घरात येऊन त्यांनी पोत्यात गुंडाळलेली एक जड वस्तू धाडकन जमिनीवर ठेवली. कामावर निघालेला भूषण जागच्या जागी खिळला. पोत्यातून डोकावणारं ते हाउसिंग त्याने तत्क्षणी ओळखलं... निंबोल्याच्या मधुकरशेठच्या जुन्या काळ्या फियाटचं! इंजिनाला गिअरबॉक्स जोडणारं हेच ते आवरण, ज्याच्यापायी तो बापाला पारखा झाला होता.

आबा, म्हणजेच सखाराम मिस्त्री, हे बुऱ्हाणपुरातलं मोठं नाव. जुन्या गाड्या घेऊन लोक पार खंडव्याहून त्यांच्याकडे येत. पण अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, आणि अभिमानी आबा ते जगापासून लपवून केवळ हातांच्या अंदाजाने काम करत होते. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या भूषणला ते कळत होतं, पण बोलायची छाती कोणाची होती? शेठच्या फियाटचा गिअरबॉक्स त्यांनी एकट्यानेच बसवला. चौथ्या दिवशी असीरगडच्या उतारावर गिअर आपोआप सुटला, गाडी खड्ड्यात गेली आणि शेठचा हात मोडला!

मोडलेला हात गळ्यात बांधून शेठ गॅरेजमध्ये येऊन कडाडले, "सखाराम, कोणी बसवला हा गिअरबॉक्स?"

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. चाळीस वर्षांची कीर्ती त्या एका उत्तरावर टांगलेली होती... आणि भूषण पुढे झाला.

"शेठ, आबांनी नीटच बसवला होता. क्लच प्लेटसाठी मी तो पुन्हा उघडला... त्यांना न विचारता."

शेठने त्याला नाही नाही ते ऐकवलं. पण त्याहून जिव्हारी लागले ते बापाचे शब्द, "माझं नाव बुडवलंस! आजपासून तोंड दाखवू नकोस मला!" बायकोला, दीपालीला घेऊन भूषण तापी ओलांडून जैनाबादला आला आणि पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला. अंतःकरण रक्तबंबाळ होत होतं, तरी त्याने ओठ उघडले नाहीत.

आणि आज आबा समोर उभे होते. गेल्या महिन्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडून असलेली फियाट शेठची मुलगी हिमानी हिने वडिलांसाठी पुन्हा उभी करायला आबांकडे आणली होती.

"काम झालं की मी जोडावर लाल रंगाची रेघ ओढतो, माहीत आहे ना तुला?" आबा हाउसिंगच्या कडेकडे बोट दाखवत म्हणाले. "काल गाडीखाली शिरलो, तर ती रेघ अखंड होती रे! माझ्यानंतर त्या गाडीला कोणी हातच लावला नव्हता... तू तर नाहीच नाही! आणि हाउसिंग जागेवर धरणाऱ्या पिनांची भोकं बघ. भलत्याच जागी ठोकून मीच ती वाकडी केली. मला दिसतच नव्हतं... अन्‌ तू माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलंस!"

"इतकी वर्षं... मलाही नाही सांगितलंत?" आतून पुढे येत दीपालीने नवऱ्याला विचारलं.

भूषणने खाली बसून आबांचे पाय धरले, आणि तो म्हातारा वाघ मुलाच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडू लागला.

दुसऱ्याच दिवशी दोघे आबांच्या गॅरेजमध्ये कामाला लागले. हाउसिंग इंजिनाला जोडून त्यांनी इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, बारीक फरक मोजणारं डायल गेज बसवलं. भूषण चाक हळूहळू फिरवी, आबा काटा वाचत. काटा चोवीस थाऊ, म्हणजे इंचाचे चोवीस हजारांश, फिरला; म्हणजे हाउसिंगचं केंद्र बारा थाऊ सरकलेलं... माणसाच्या जेमतेम तीन-चार केसांची जाडी! एवढ्याशा फरकाने गिअरबॉक्सचा शाफ्ट तिरका बसत होता. ठोकून वर आलेला धातू भूषणने तेलाच्या दगडाने घासून सपाट केला, आणि केंद्र सरकवून घेता येईल अशा नव्या पिना लेथवर घडवून आणल्या. पिना जराशा वळवायच्या, बोल्ट आवळायचे, पुन्हा मोजायचं... तिसऱ्या खेपेला काटा दोन थाऊंच्या आत येऊन थांबला.

"आलं!" आबा लहान मुलासारखे ओरडले. "भूषण, केंद्र आलं!"

आठवड्याभराने मधुकरशेठ हिमानीला घेऊन गाडी न्यायला आले. कबुली द्यायला आबा पुढे होताच भूषणने त्यांचा हात धरला. "आबा, राहू द्या ना... अब क्या जरूरत है?"

"जरूरत मला आहे, बेटा." आबांनी हात सोडवला आणि गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "शेठ, त्या दिवशीची चूक माझी होती. डोळ्यांनी दिसत नसताना मी काम केलं. माझ्या मुलाने तुमच्या गाडीला हातही लावला नव्हता. तुमचा हात माझ्यामुळे मोडला."

शेठ सावकाश चालत भूषणपाशी आले. "अन्‌ मी तुला किती टाकून बोललो रे... एका शब्दानेही उलटून बोलला नाहीस! माफ कर बेटा." मग आबांकडे वळून ते म्हणाले, "सखाराम, हात तर माझा तेव्हाच सांधला. पण असा मुलगा घराबाहेर ठेवून तू अकरा वर्षं जगलास तरी कसा?"

आबांनी खिशातून फोन काढला आणि घरचा नंबर लावला.

"कौशल्या... आज चौघांचा स्वयंपाक कर. हो, चौघांचा! भूषण अन्‌..." त्यांनी फोन तसाच मुलाच्या हातात दिला.

"आई," भूषण म्हणाला, "मी दीपालीला घेऊन घरी येतोय."

पलीकडून आला एक हुंदका, आणि त्या हुंदक्यातच मिसळलेलं, अकरा वर्षांत त्याने न ऐकलेलं आईचं हसू!