त्याने आभार मानले नाहीत

ही गोष्ट रचायची असती, तर मी रात्रीची रचली असती. ही दुपारची आहे. जुलैचा दुसरा शनिवार, तीनचा सुमार. जिच्यावर गुदरली ती रोमिना माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. खोटं बोलली की तिचे कान लाल होतात.

हे सांगताना ते पांढरे होते.

रोमिना आमच्या राजधानीत, माँतेव्हिदेओला, सिनेमा शिकते. वर्षाचं काम एकच होतं. न बनलेल्या सिनेमाची फक्त सुरुवात, दोन मिनिटांची. सोमवारी द्यायची. नाही दिली तर वर्ष वाया. आणि तिचा जोडीदार एसेकिएल आठवड्यापूर्वीच शिक्षण सोडून गावी निघून गेला होता.

"दोन मिनिटांत एकच प्रश्न पेरा," असं मास्तरांनी बजावलं होतं.

रोमिनाने कागदावर बारा चौकोन आखले, बारा चित्रं काढली. बंद गाव. बंद घर. टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. सातव्या चित्रात रिकाम्या खुर्चीपुढे 'माते'चा भरलेला पेला, त्यावर वाफ. माते म्हणजे आमच्याकडचा पाल्याचा कढत चहा; एक जण ओततो, बाकीचे त्याच पेल्यातून आळीपाळीने नळीने ओढतात.

प्रश्न असा: कोण येणार आहे?

त्यासाठी तिने समुद्रकाठचं पुंता ग्रिस गाठलं. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे जुलैत हिवाळा, तेव्हा कुत्रंसुद्धा दिसत नाही. तिथल्या एका बंद घराची किल्ली दुकानवाल्या नील्दाबाईंकडे होती.

"एकटीच? सिनेमावाले म्हणे टोळीनं फिरतात."

"टोळी मीच, मावशी. कॅमेरा मी, आवाज मी, नटीही मीच."

"आणि बघणारीही तूच का गं?" नील्दाबाई हसल्या. दोन गरम तळलेल्या पोळ्या कागदात बांधल्या, थर्मासमध्ये कढत पाणी भरून दिलं. "पाचची बस शेवटची. त्याआधी किल्ली आण. रेंगाळू नकोस."

घर स्वच्छ होतं. पहिली सहा चित्रं तासाभरात झाली.

मग सातवं.

तिने पेल्यात पाला भरला, पाणी ओतलं, पेला रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. नळीचं तोंड खुर्चीकडे. मागे कॅमेऱ्याशी आली.

वाफ दिसेना.

जवळ जाऊन पाहिलं, तर पेला कोरडा. आपणच सवयीने प्यालो असू, असं तिला वाटलं. वडील गेल्यापासून ती एकटीच पिते. स्वतःच ओतायचा, स्वतःच संपवायचा. लक्ष राहत नाही.

पुन्हा ओतला. पुन्हा मागे आली.

पुन्हा कोरडा...

तिसऱ्या वेळी तिने पापणी लवू दिली नाही. कॅमेऱ्यात पेला दिसत होता. वाफ सरळ वर जात होती. चार सेकंद. पाच. सहा...

वाफ वाकली.

खिडकीकडे नाही. दाराकडे नाही. खुर्चीकडे.

कुणीतरी जवळ तोंड नेऊन श्वास आत ओढावा, तशी.

रोमिना हलली नाही. दहा सेकंद तिने मनात मोजले. हा तुकडा हातचा गेला तर वर्ष गेलं, एवढंच तिला कळत होतं.

पुढची पाच चित्रं तिने कशी घेतली, ते तिलाही आठवत नाही. टेबलाकडे तिने पाहिलं नाही. पण एक काम उरलं होतं. मास्तरांचा नियम होता, प्रत्येक खोलीत एक मिनिट काहीच न करता नुसती शांतता टिपायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती खाली अंथरली नाही तर चित्रांचे जोड उघडे पडतात.

तिने ध्वनिमुद्रण सुरू केलं, कानांना हेडफोन लावले. डोळे मिटले.

वीस सेकंद. लांबवर समुद्र.

तीस. फळीला घासणारा वारा.

चाळीस...

घुर्र... घुर्र...

पेल्याचा तळ लागला की नळी करते, तो आवाज. आमच्याकडे तान्ह्या पोरालाही तो कळतो. मग टक्. पेला टेबलावर ठेवल्याचा.

तिने डोळे उघडले.

पेला टेबलाच्या अलीकडच्या बाजूला होता. नळीचं तोंड तिच्याकडे.

माते पुरे झाला, की पेला ओतणाऱ्याला परत देताना 'आभार' म्हणायचं. न म्हणता दिला, तर आणखी हवाय.

कुणी काही म्हटलं नव्हतं.

तिने ओतला. पळायचं सोडून ओतला. हातांना वळणच तसं. पेला पलीकडे ठेवून तिने मान फिरवली. घुर्र... टक्. पुन्हा ओतला. असं चार वेळा. मग थर्मास खडखडला.

"पाणी संपलं हो," ती त्या खुर्चीला म्हणाली.

आणि मग पळाली.

नील्दाबाईंनी किल्ली घेतली. रिकामा थर्मास हलवून पाहिला. तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"एवढं सगळं तू प्यालीस?"

रोमिनाने मागे वळून घराकडे पाहिलं.

नील्दाबाई गल्ला पुसू लागल्या. "तिथे एक म्हातारा राहायचा. बारमाही, एकटा. हिवाळ्यात मी दर शनिवारी जाऊन बसायची. मेला कधी 'आभार' म्हणायचाच नाही. म्हटलं की मी उठणार, हे त्याला ठाऊक. अंधार पडेस्तोवर ओतायला लावायचा. एकदा मी वैतागले. मधेच उठून आले. पुढच्या शनिवारी दार उघडायला कुणी नव्हतं."

"आता जाता का तिथे?"

"मी? दारातून झाडू मारून येते. बसत नाही."

सोमवारी काम वेळेत दिलं. रोमिना पास झाली. मास्तरांनी सातवा तुकडा तीनदा लावून पाहिला. "खुर्ची रिकामी आहे, पण रिकामी वाटत नाही. कसं जमवलंस?"

इथवर असतं, तर मी हे लिहिलं नसतं.

गेल्या रविवारी सकाळी मी तिला फोन केला. इकडचं तिकडचं चाललं होतं. मधेच मागून आवाज आला.

घुर्र...

"पितेयस का गं?"

"नाही मामा, माझा कधीच झाला."

टक्.

"मग कोण आलंय?"

"कुणी नाही."

तिचा आवाज शांत होता. वडील गेल्यानंतर इतका शांत मी ऐकलाच नव्हता. मग पाणी ओतल्याचा आवाज आला, सावकाश, काठोकाठ.

"रोमिना, त्याला म्हणावं आता पुरे."

ती हसली. "तो 'आभार' म्हणेल तेव्हा म्हणेल, मामा. मी कशाला सांगू?"