गिलाव्यातला पंजा

मोडनिंबच्या शिवारातलं ते घर कुणा एकानं बांधलंच नव्हतं, आणि मोईनच्या वैतागाचं मूळ तिथंच होतं. पणज्यानं दगडमातीची, माळवदाची एक खोली उभी केली. आज्यानं तिला विटांच्या दोन खोल्या चिकटवल्या, त्याही हातभर उंच जोत्यावर. अब्बांनी पुढं स्लॅबची खोली काढली, तिचं जोतं पुन्हा वेगळं. एका खोलीतून दुसरीत जायचं तर कुठं पायरी चढा, कुठं उतरा, कुठं मान वाकवा. त्यात संडास अंगणाच्या पार टोकाला. घर कसलं, ठिगळांची वाकळच. त्यातल्याच एका पायरीवरून अब्बा, म्हणजे राजेसाब, पडले आणि खुबा मोडून बसले.

सोलापुरात ऑपरेशन होऊन ते घरी आले, तेव्हा मोईननं अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून रजा काढली. अब्बांच्या खोलीला लागून, त्याच पातळीवर, संडास-बाथरूम बांधायचं ठरवलं. खाटेवर शौचाचं भांडं देताना बापाची नजर खाली जायची, लेकाचीही जायची. ते त्याला सोसत नव्हतं.

पण या घरात साधं काम साधेपणानं होईल तर शपथ! पाया खणायला घेतला, तर खाली कुणा जुन्या भिंतीचे धोंडे. भिंतीत दार पाडायला घेतलं, तर वायरिंग नेमकं तिथूनच गेलेलं. गवंडी धर्मपाल रोज नवी अडचण घेऊन चहाला बसायचा. रजा सरत आली. आणि गिलाव्याच्या दिवशी खाटेवरून अब्बांनी पाचर मारली.

"पंजा उमटव. गिलावा वला हाय तवर."

या घराची ती रीत होती. खोली बांधणाऱ्यानं चौकटीशेजारच्या ओल्या गिलाव्यात आपला उजवा हात दाबायचा. त्याशिवाय ती खोली घरात धरत नसत. पणज्याचा पंजा पांढऱ्या मातीत होता, आज्याचा चुन्यात, अब्बांचा सिमेंटात. तिन्ही पंज्यांची करंगळी अर्धीच होती. लहानपणी मोईनला त्याचं नवल वाटायचं. मोठेपणी त्यानं ते मनातल्या मनात निकालात काढलं होतं. आज्याचं बोट मोटेच्या नाड्यात गेलं, अब्बांचं कडबाकुट्टीत. पणज्याचंही असंच कशात तरी गेलं असेल. शेतीत बोटं जातातच.

"अब्बा, पंजाबिंजा काय न्हाय. आदीच लई उशीर झालाय."

"कर्त्या माणसानं हात लावावा. न्हायतर…"

"न्हायतर काय?"

राजेसाबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मोईन तणतणत बाहेर गेला आणि धर्मपालला म्हणाला, "रंधा मारून भित सपाट कर आन् मोकळा हो."

सकाळी चौकटीशेजारी पंजा होता.

एवढासा, लहान पोराचा. मोईनचं डोकंच फिरलं. सात वर्षांच्या समराला त्यानं दंडाला धरून आणलं.

"हितं हात लावलास तू?"

"न्हाय की पप्पा."

"खोटं बोलू नको."

त्यानं तिचा हात पंज्यावर ठेवला. तंतोतंत बसला. फक्त तिची करंगळी मधल्या पेराच्या पुढं सपाट भिंतीवर आली.

नीट टेकली नसेल, असं म्हणून त्यानं पोरीला सोडून दिलं. मग वाकून पाहिलं. बोट अर्धवट टेकलं असतं, तर खळगा हळूहळू उथळ होत गेला असता. हा पेरापाशी एकदम संपत होता. तो तरातरा अब्बांच्या खाटेपाशी गेला.

"झालं तुमच्या मनासारखं! नातीनं उमटवलाय पंजा."

राजेसाब उठायला गेले आणि कण्हून खाली टेकले.

"करंगळी?"

मोईननं आपली करंगळी मधल्या पेरापाशी चिमटीत धरून दाखवली.

"मी उमटवला तवा बोट होतं माझं," म्हातारा म्हणाला. "पुरं होतं. भिंतीत अर्धं उठलं. कुट्टीत गेलं ते फुडच्या सुगीला. तुज्या आज्याचंबी तसंच."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं, तर हात लावला असतास व्हय?"

बाहेर कडबाकुट्टी सुरू झाली.

मोईन पायऱ्या कशा उतरला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. चौकटीवर कपाळ आपटलं. गोठ्यात त्याची बायको सबिहा कुट्टी चालू करून पाठमोरी, म्हशीला पाणी दाखवत होती. कुट्टीपाशी समरा उभी होती, कडब्याची पेंढी कवेत घेऊन.

त्यानं बटण बंद केलं. चाक पुरतं थांबेपर्यंत तो पोरीला उचलून धरून उभा राहिला. तिची बोटं पुन्हा पुन्हा चाचपली.

"काय झालं ओ?" सबिहानं विचारलं.

"काय न्हाय. हिला कुट्टीपाशी येऊ देऊ नको."

धर्मपाल आला, त्याला आधी ती जागा खरवडायला लावली.

"ऱ्हाऊ द्या की. पोरीचा पंजा झ्याक दिसतोय."

"खरवड!"

नवा गिलावा चढला. मोईननं उजवा हात दाबला. करंगळी सगळ्यात जोरानं दाबली. मग हात उचलला.

पाचही बोटं धडधाकट उमटली होती.

म्हणजे पोरीवरचं अजून टळलं नव्हतं.

दुपारी जेवण गेलं नाही. समराला त्यानं नजरेसमोरून हलू दिलं नाही. गिलावा पांढरट पडू लागला, तसा तो पुन्हा चौकटीपाशी गेला.

करंगळी मधल्या पेरापाशी संपत होती. पुढं सपाट भिंत.

कित्येक दिवसांनी त्याचा सगळा वैताग उतरला. त्याला हायसं वाटलं, अगदी मनापासून.

सबिहानं चहा आणला. कप घ्यायला त्याचा डावा हात आपोआप पुढं झाला.