अठरा मुलं आणि दुसरं मोठं माणूस

नुकत्याच पुसलेल्या काचेवर कागद डकवू नये, एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्याने शिवणाच्या दुकानावरून जाऊच नये. त्या दुपारी टाचणीने काच आधी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या फडक्याने, दोन पावलं मागे सरून डोळे भरून पाहिली, आणि आत येऊन इस्त्रीला हात घालते तोच एका उंच माणसाने बरोबर मधोमध कागद चिकटवला. वर तळहाताने दाबूनही घेतला. पाच बोटांचे पाच ठसे!

तिला टाचणी का म्हणायचे, तर कुणी म्हणे अंगकाठीवरून, कुणी म्हणे जिभेवरून. तिच्या आईला विचाराल तर जिभेवरून, आणि ती जीभ लेकीने आपल्याकडून घेतली हे सांगताना म्हातारीची मान ताठ व्हायची. बाप गेल्यावर या दोघींनीच दुकान चालवलं होतं. काज-बटणं आईची, बाकी सगळं लेकीचं.

"अहो!" टाचणी दारात आली. "काच तुमच्या घरची आहे का?"

"नाही, तुमची आहे," तो म्हणाला. "सुंदर पुसलीये."

"पुसली होती म्हणा! आता तुमचा पंजा उमटलाय."

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग काचेकडे, आणि त्याचे कान तांबडे झाले. मोठ्या माणसाचे कान असे तांबडे होताना टाचणीने पहिल्यांदाच पाहिले. तिचं पुढचं वाक्य तिथेच अडलं. मग करायचं काय, तर तिने कागद वाचायला घेतला. शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळे सावकाश.

'बालवीर पथकात मुलं-मुली हवी आहेत. वय आठ ते चौदा. दर रविवारी सकाळी नऊला, शाळेमागची खोली. कपडे मळतील. गुडघे सोलवटतील. शिबिरात डास असतात. स्वयंपाक मुलंच करतात, तो कधीकधी करपतो.'

"हे मुलं बोलवायला लिहिलंय, की पळवायला?"

"खरं आहे ते सगळं."

"असेल हो खरं! पण नवं कापड दाखवताना दुकानदार आधी ते कुठे विटतं ते दाखवतो का?"

"दाखवावं..." तो म्हणाला, आणि असा सरळ तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला की टाचणीने नजर काढून पुन्हा कागदावर ठेवली.

"आत घे त्याला," आतून आई ओरडली. "दारात भांडू नका, गिऱ्हाईक परत जातं."

तर असा तो आत आला. दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात तो भिंगं घासायचा, आणि दहा वर्षं दर रविवारी पथक चालवायचा. गाठी मारायच्या, नकाशा वाचायचा, तंबू ठोकायचा, कुणी पडलं तर जखम बांधायची. मुलं त्याला कप्तान म्हणायची. पण मुलं मोठी होत गेली, नवी येईनात. आता उरली होती सात. वरच्या कचेरीचं पत्र आलं होतं : महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी बारापर्यंत अठरा मुलं आणि दोन मोठी माणसं हजेरीपटावर हवीत. नाहीतर पथक बंद, खोलीची किल्ली परत.

"एक मोठं माणूस तुम्ही. दुसरं कोण?" टाचणीने विचारलं.

"बघतोय," तो म्हणाला, आणि कागदांच्या कडा उगाच जुळवू लागला.

"आणि मुलं? किती दारं झाली?"

"चाळीस."

"आली किती?"

"एका घरात पाणी दिलं."

आई हसता हसता सुई बोटात टोचून घेती झाली. टाचणी मात्र हसली नाही. तिने मापांची वही काढली. गल्लीतलं एकूण एक पोर त्या वहीत होतं. कुणाची छाती किती, बाही किती, कुणाची चड्डी गुडघ्यावर फाटते आणि कुणाची बसून बसून मागे विरते.

"ही बेकरीवालीची जुळी. महिन्यात दोनदा ठिगळ. घरात मावत नाहीत ती. हा पोस्टमनचा. वर्षात कंबर चार बोटं वाढली, उंची एक. आणि ही नर्सबाईची... हिचे खांदे बघा. पुढे झुकायला लागलेत. नवव्या वर्षी!"

कप्तान वहीवर वाकला. इस्त्रीची गरम वाफ दोघांच्या मधून गेली.

"हे सगळं तुम्हाला टेपवरून कळतं?"

"टेपला काय कळतंय? मुलं उभी असतात ना समोर. उद्या पाचला या. मी बरोबर येते. तुम्ही फक्त बोलू नका."

"अजिबात?"

"मान हलवली तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी पाचला पावसाची भुरभुर होती. कप्तान छत्री घेऊन आला, आणि ती त्याने अर्जांच्या पिशवीवर धरली.

"छत्री कागदांना? माणसांना नाही?"

"कागद विरघळतात."

"आणि मी?"

"तुम्ही... विरघळाल असं वाटत नाही."

ती फणकाऱ्याने पुढे झाली. चार पावलांवर तिच्या डोक्यावरची भुरभुर थांबली. तिने वळून पाहिलं नाही, पण पहिल्या घरी पोचेपर्यंत वरच्या सात अर्जांचा लगदा झाला होता.

आणि मग टाचणीने जे केलं ते तिच्यासारखीच करू जाणे. प्रत्येक दारात ती कप्तानाला खाली अर्ज सुकवत उभं करी, एकटी आत जाई, आणि आईबापाला जे ऐकायचं असेल ते सांगून येई. बेकरीवालीला सांगितलं, कपडे मुळीच मळत नाहीत, सगळं सतरंजीवर बसून असतं. पोस्टमनला सांगितलं, मुलगा तिथे पाढे म्हणेल. नर्सबाईला म्हणाली, डास? तिथे माशीसुद्धा नसते. एका आजोबांना वाटत होतं नातू फार बोलतो; त्यांना म्हणाली, तिथे दोन तास तोंड बंद ठेवायला शिकवतात. चौथा दिवस संपेतो चौदा अर्ज भरले. सात आणि चौदा, एकवीस.

"तुम्ही आत काय सांगता?" कप्तानाने विचारलं.

"खरं तेच."

"माझ्यासारखंच?"

"जरा इस्त्री केलेलं."

तो हसला. हसताना तो चष्मा काढायचा, का कोण जाणे, आणि चष्म्याशिवाय त्याचे डोळे अगदीच निराधार दिसायचे. टाचणीला त्या रात्रभर ते डोळे... जाऊ दे. आई घरात होती, आणि आईला सगळं दिसतं.

"दुसरं मोठं माणूस मिळालं का त्याला?" आईने शुक्रवारी बटण लावता लावता विचारलं.

"मला काय माहीत!"

"तुला विचारलं नाही?"

"नाही."

"रोज छत्री घेऊन येतो, चार दिवस बरोबर हिंडतो, आणि सही मागत नाही? मग एकतर तो खुळा आहे, नाहीतर तू नकोयस."

टाचणीने सबंध बाही उलटी शिवली आणि सबंध उसवली. तिला टोचत होतं ते दुसरंच काही. विचारलं नाही तर आपण नको झालो. आणि उद्या विचारलंच, तर आपण कोण? हजेरीपटावरची एक रिकामी ओळ. अर्जाच्या कामाला आलेली बाई. दोन्हीकडून वाईटच. पोरगी तिशीला टेकली होती, पण कुणी आपली वाट बघावी असं तिला या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं होतं, आणि ते कामापुरतं निघालं तर तिला सोसणार नव्हतं.

रविवारी हजेरीसाठी साडेअकराला शाळेमागची खोली भरली. एकवीस मुलं, त्यांचे आईबाप, आजोबा, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी कचेरीतून आलेल्या तपासणीबाई. पांढरे केस, समोर हजेरीपट, भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळा. टाचणी आईला घेऊन दाराशी उभी.

"सतरंजी कुठे आहे?" बेकरीवालीने विचारलं.

"कसली सतरंजी?" कप्तान म्हणाला.

"मुलं बसणार ती! कपडे मळत नाहीत ना?"

"मळतात. आज खड्डा खणायचाय."

"आणि पाढे?" पोस्टमन पुढे झाला.

"पाढे नाहीत."

"डास?"

"पुष्कळ."

"आमचा गप्प बसायला शिकेल ना हो?" आजोबांनी आशेने विचारलं.

"आजोबा, इथे गाणी म्हणतात. ओरडून."

खोलीत एकच कालवा झाला. एका बापाने पोराचा हात धरला आणि तो निघाला. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. कप्तानाने दाराकडे पाहिलं, मग टाचणीकडे. रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

टाचणीने जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. चूक दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाच्याच गळ्यात ती चूक घालून त्याला परत पाठवायची. पण ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "यांना ठाऊक नव्हतं. यांना विचारलं असतं तर यांनी तुम्हाला डाससुद्धा मोजून दाखवले असते."

कुणीतरी हसलं. कुणीतरी "शोभतं का?" म्हणालं.

"नाही शोभत. पण तुमच्या दारात मी कशाला आले, ते ऐका. नर्सबाई, मागच्या वर्षी तुमच्या मुलीचं माप घेताना ती ताठ उभी होती. या वर्षी टेप लावला तर म्हणाली, ताई, लवकर घे, मला बसायचंय. नऊ वर्षांचं पोर! पोस्टमनदादा, तुमचा मुलगा आरशात बघत नाही. मी विचारलं, का रे? म्हणाला, नको. आजोबा, तुमचा नातू दुकानात तासभर बोलतो, कारण घरी त्याचं ऐकायला कोणी थांबत नाही. मला मूल नाही. पण तुमची सगळी माझ्यासमोर हात पसरून उभी राहिलीत, आणि मी त्यांना वाढताना बघितलंय... मळू द्या की कपडे. धुतले की निघतं. नाही निघालं तर मी नवे शिवते."

मग बेकरीवालीने जुळ्यांचे बूट काढून बाजूला ठेवले.

"जा," ती म्हणाली. "खणा."

आजोबा खाली बसले. नर्सबाईने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो सोडला. तपासणीबाईंनी पेन्सिलने मोजलं.

"अठरा," त्या म्हणाल्या. "बरोबर अठरा. दुसरं मोठं माणूस?"

कप्तान पुन्हा अर्जांच्या कडा जुळवू लागला.

"घड्याळात अकरा मिनिटं उरलीत. नाव सांगा."

"नाही," तो म्हणाला. "कोणी नाही."

अठरा मुलांनी टाचणीकडे पाहिलं. मुलांना अशा गोष्टी आधी कळतात.

"अहो, मी काय खांब आहे का?" तिचा आवाज चढला, आणि मध्येच फाटला. "मला का विचारत नाही? मी चालत नाही?"

"चालता."

"मग?"

"मला तुम्हाला दुसरंच विचारायचंय," तो हळू म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. आधी ही सही मागितली, तर तुम्हाला वाटेल पुढचं सगळं सहीसाठी होतं. किंवा सहीबद्दल उपकार म्हणून होतं. त्यापेक्षा... किल्ली परत देईन मी."

"दहा वर्षं चालवलेलं पथक?"

"हो."

टाचणीच्या आईने ओळखीच्या सगळ्या देवांना मनातल्या मनात हाक मारली, कारण लेक गप्प झालेली तिने कधी पाहिली नव्हती.

"विचारा," टाचणी शेवटी म्हणाली.

"इथे? सगळ्यांसमोर?"

"दहा मिनिटं आहेत. तेवढ्यात होत असेल तर विचारा."

त्याने चष्मा काढला. "तुम्ही दुकानात नसता तेव्हा मी त्या रस्त्याने जात नाही. असता तेव्हा दोनदा जातो. पथक राहिलं नाही तरी जाईन. माझ्याशी लग्न कराल?"

खोलीत अठरा मुलं होती आणि एकही खोकलं नाही.

"करीन," ती म्हणाली. "आणि हे मी सही करायच्या आधी म्हणालेय. बाई, तुम्ही साक्षीला आहात."

"मी हजेरी घ्यायला आलेय," तपासणीबाई म्हणाल्या, पण त्यांनी हजेरीपट तिच्याकडे फिरवला आणि पेन उघडून दिलं.

टाचणीने सही केली. मोठ्या, सावकाश अक्षरांत, ओळीच्या बाहेर जाणारी. आई पदराने डोळे पुसत होती आणि धूळ फार आहे हो इथे म्हणून सगळ्यांना सांगत होती.

"झालं ना?" टाचणीने पेन ठेवलं. "मग उभे काय राहिलात? घ्या मुलांना रांगेत!"

दहा वर्षं रांगेचा हुकूम देणारा माणूस तिच्याकडे बघत राहिला. तोंड उघडलं, शब्द काही येईना. जुळी खुदखुदली. शेवटी टाचणीनेच कमरेवर हात ठेवले.

"रांगेत!"

अठरा मुलं टाचा जुळवून उभी राहिली. पोस्टमनही उभा राहिला, आजोबाही काठी सावरत उभे राहिले. आणि रांगेच्या अगदी टोकाला, चष्मा हातात घेऊन, कप्तान.