सहा, सांडलं, आठ

बोर्ली पंचतनच्या बाजारामागे पूर्वी खताचं गोदाम होतं. आता तिथे दुपारची जेवणं आटोपली की माणसं भात मोजत बसायची. भात विकायचं नव्हतं की गिरणीत न्यायचं नव्हतं. एका टोपलीतून मापटं भरायचं, दुसरीत ओतायचं आणि आकडा म्हणायचा, एवढंच काम. मोजणारे सगळे लकव्याने वाचा गेलेले. उजवा हात मांडीवर निपचित, सगळा कारभार डाव्यावर.

हा उद्योग डॉक्टर क्रांतीचा. माणगावच्या शिक्षकाची ही मुलगी मेंदूची डॉक्टर झाली, चांगला जम बसला, आणि चाळिशी उलटल्यावर माणूस शिकतो कसा हे शिकायला पुन्हा कॉलेजात जाऊन बसली. लोकांनी वेड्यात काढलं. तिचं म्हणणं साधं होतं. शब्द हाताच्या सवयीला चिकटलेला असतो. हात हलला की तोही सुटतो. भात मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. वर्षभर तोंडातून अक्षर न काढलेली माणसं पहिलं मापटं ओतताना 'लाभ' म्हणून जात आणि स्वतःच दचकत.

मृणाल या अभ्यासातली गणितवाली. कोण किती शिकलं, किती विसरलं, याचे आलेख ती काढायची. क्रांतीमॅडमना आकड्यांचा संशय आणि मृणालला डॉक्टरांचा, त्यामुळे दोघींचं छान जमलं होतं. मॅडमइतकं सरळ माणूस मृणालने पाहिलं नव्हतं. आपलंच म्हणणं खोटं ठरावं म्हणून कुणी इतका जीव टाकतं का? कुठल्या गावांना मापटं द्यायचं आणि कुठल्या गावांना नुसते चित्रांचे पत्ते, हे मॅडमनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. फरक मापट्यामुळेच पडतो का, ते कळायला हवं ना!

चिठ्ठीत रेवसला पत्ते आले. आणि रेवसला मृणालचे बाबा होते.

बाबा, म्हणजे अनंता, रेवसच्या धक्क्यावर लाँचचे दोर बांधणारा दोरवाला. लाँच लागली की त्याची आरोळी पार भाऊच्या धक्क्यापर्यंत जाते, असं लोक गमतीने म्हणत. लकवा झाल्यापासून तो ओटीवर मुका बसून असायचा. पहिली फेरी संपली की पत्तेवाल्या गावांनाही मापटं मिळणार होतं. मृणाल त्या फेरीवर डोळे लावून बसली होती. चोरून घरी मापटं न्यावं असं तिच्या मनात कितीदा आलं. तिने नेलं नाही. मॅडमना तोंड कसं दाखवणार?

गोदामातला पहिला माणूस सीताराम. एकदा सातवं मापटं त्याच्या हातून कलंडलं. "सांडलं!" तो मोठ्याने म्हणाला. तो त्याचा पहिला मोकळा शब्द. आणि भात गोळा करायला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्याचा उजवा हात पुढे गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाच हाताची माणसं ती, डावा हात मांडीवर आपटायची. धप, धप, असा जाड आवाज व्हायचा.

इथेच सगळ्यांचं चुकलं. चुकलेल्या शब्दाला टाळ्या पडल्या, तो पक्का बसला. सीताराम पुढे कायम "सहा, सांडलं, आठ" असंच मोजायचा. मॅडम कपाळाला हात लावून हसायच्या. "बघ, आपणच शिकवलं." आषाढात दुसऱ्या झटक्याने तो गेला.

त्यानंतर चंदाबाई आली. तिने सीतारामला पाहिलंही नव्हतं. ती सहापर्यंत आली, थांबली, म्हणाली, "सांडलं." काहीच सांडलं नव्हतं. तिचा लुळा उजवा हात मात्र जमिनीवरून काहीतरी गोळा करत होता.

गोदामातल्या कुणाचं तरी ऐकलं असेल, असं मृणालने धरलं. मग म्हसळ्याच्या बाजूचा रघू. त्याला मापटं घरपोच दिलेलं. तो गोदामात कधी आलाच नव्हता. घरी मोजताना काढलेल्या त्याच्या चित्रफितीतही तेच. "सहा, सांडलं, आठ." आणि तोच हात. मृणालने आलेख काढला. शिकणारा माणूस तळापासून चढतो. रघूची रेघ सीतारामची जिथे तुटली होती, तिथून सुरू होत होती.

मॅडमनी चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली.

"मागे धपधप कसली येते? कुणी भात कांडतंय?"

"आता हाताने कोण कांडतं मॅडम? गिरण्या आहेत."

मृणालला ठाऊक होतं, एक शब्द गाळला की झालं. सातव्या मापाची नोंद पुसायची. कुणाला कळणार होतं? फेरी पुरी झाली असती, मापटं रेवसला गेलं असतं. तिने संगणक मॅडमपुढे सरकवला.

"सगळं यात आहे. काही गाळलेलं नाही."

"माहितीये मला." मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. "कुणीतरी यांना शिकवतंय, किंवा आपल्याला कळत नाहीये. काहीही असलं तरी फेरी पुढे न्यायची नाही. कळलं नाही, तर कळलं नाही असं लिहायचं. बाबांचं मला कळतंय गं. पण न समजलेलं औषध मी कुणाच्या बापाला देणार नाही."

मृणालला रडू आलं, रागही आला, आणि त्या रागातही या बाईचे पाय धरावेसे वाटले. इतक्या वर्षांची मेहनत एका वाक्यात बाजूला ठेवायला छाती लागते.

दुसऱ्या दिवशी ती रेवसला गेली. दुपार होती. आई, सोनाबाई, आत मासळी साफ करत होती. बाबा ओटीवर, धक्क्याकडे तोंड करून. चित्रांचे पत्ते बाजूला पडलेले. घरात मापटं नव्हतं. मापट्यातला 'म'सुद्धा मृणालने या घरात कधी काढला नव्हता.

ती त्यांच्यासमोर बसली. "बाबा, ते जे नवीन येणार होतं ना," ती म्हणाली, "ते आता येणार नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला, रिकामा, आणि हवेत कलंडवला.

"लाभ," ते म्हणाले.

मृणालच्या अंगावर काटा आला.

"दोन. तीन. चार." आवाज खरखरीत होता, पण बाबांचाच. "पाच. सहा."

ते थांबले.

"सांडलं."

उजवा हात मांडीवरून घसरला. फरशीवरून बोटं काहीतरी गोळा करू लागली. सावकाश, एक दाणा वाया जाऊ नये अशी.

मग त्यांनी वर पाहिलं. लहान मूल बघतं तसं, झालं का बरोबर, म्हणून.

मृणाल सगळं विसरली. आलेख, फेरी, चूक. डोळे भरून आले आणि तिने टाळी वाजवायला दोन्ही हात उचलले.

हात एकमेकांना लागायच्या आधीच तिच्या पाठीमागे आवाज झाला.

धप. धप. धप.

तिने मान वळवली नाही.

"कोन आलंय गो?" आतून आईने विचारलं. "चाय किती जनांची ठेवू?"

बाबांनी मृणालच्या खांद्यावरून मागे रिकाम्या ओटीकडे पाहिलं. उजव्या हाताचं बोट वर झालं आणि एकेकावर ठेवत ते मोजू लागले.

"लाभ. दोन. तीन. चार. पाच. सहा."

मृणालने श्वास रोखला.

"सात," बाबा स्वच्छ म्हणाले, आणि बोट पुढे नेलं.