पाचव्याची जागा

अंबडच्या बाहेर, जालना रस्त्याला आमच्या संशोधन संस्थेची पत्र्याची शेड होती. १९९८च्या जानेवारीत तिथं आठ डुकरं होती आणि रोज त्यांचा ताप मोजायला मी. पशुवैद्यक म्हणून बारा वर्षं झाली होती. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मला जांभई यायची.

काम सरळ होतं. डुकरं मारणाऱ्या तापाच्या विषाणूतली दोन जनुकं संस्थेनं काढून टाकली होती. असा लंगडा केलेला विषाणू टोचला तर आजार किती सौम्य होतो, ते बघायचं. सौम्य निघाला, तर तोच लस म्हणून पलीकडच्या वस्तीवर द्यायचा.

जनावराची ओळख कानावरून. चिमट्यानं कानाच्या कडेला खाचा पाडायच्या. पाचव्याच्या डाव्या कानाला वर एक, खाली दोन.

बाकीच्यांना दोन दिवस कणकण आली आणि ती पुन्हा खायला लागली. पाचवं उठलंच नाही. मागचे पाय लटपटले, कान जांभळे पडले. नवव्या दिवशी सकाळी ताप एकशे सहा, आणि संध्याकाळी ते गेलं.

मी नोंदवहीतलं त्याचं पान फाडलं. अहवालात लिहिलं, 'सात जनावरं, सातही बरी.' दोन वर्षांची मेहनत एका डुकरापायी पाण्यात घालायची माझी तयारी नव्हती. लाज वाटली, पण सही नेहमीसारखीच आली.

दुसऱ्या दिवशी शेडवरच्या तातेरावनं हाक मारली.

"साहेब, हे काय करून राह्यलेत बघा."

सात डुकरं खात होती. डुकरं खाताना एकमेकांच्या अंगावर चढतात. ही मुकाट ओळीत उभी होती, आणि ओळीच्या मधोमध एका डुकराची जागा मोकळी होती.

"सवय असेल," मी म्हणालो.

"डुकराला कसली सवय, साहेब?"

दुपारी ती निजलीही तशीच, मध्ये जागा सोडून. मी आत जाऊन तिथं हात टेकवला. सगळी फरशी थंडीनं गारठली होती. तेवढा तुकडा चांगलाच गरम होता. तिथं ऊन येत नव्हतं. मी खिशातला थर्मामीटर काढून आडवा ठेवला.

एकशे सहा.

"किती?" तातेरावनं विचारलं.

"बिघडलाय," मी म्हणालो आणि तो झटकला. पारा बराबर खाली उतरला.

महिन्याभरानं वस्तीवर लस द्यायची परवानगी आली. तिथं नंदाबाईची चौदा डुकरं होती. नवरा वारल्यापासून घर त्या डुकरांवरच चाललेलं. तिनं गाभण डुकरीण धरून ठेवली, पण मला सुई टोचू देईना.

"साहेब, खरं सांगा. ह्या सुईनं एखादं मेल्तं का?"

हीच वेळ होती. मला ते कळत होतं.

"बिलकुल नाही. एकही नाही."

"मंग द्या. तुम्ही म्हणता तर बराबरच असंल."

मी चौदाही टोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटेतच उभी होती.

"साहेब, डुकरीण व्याली. तुम्ही पहाटं येऊन गेल्ते का?"

"नाही. का?"

"मंग पिलांच्या कानाला खाचा कुणी पाडल्या?"

मी एक पिलू उचललं. अंगावरची ओल अजून वाळायची होती. डाव्या कानाला वर एक, खाली दोन. रक्त नव्हतं. खाचा जुन्या होत्या, पूर्ण भरून आलेल्या.

दुसरं उचललं.

तेच.

"बाकीची तेराही खायला उठंनात," नंदाबाई म्हणाली. "काय झालंय, साहेब? बोला ना."

माझ्या हातातलं पिलू तापलं होतं. मी थर्मामीटर काढला नाही. आकडा मला माहीत होता.