जोत्यावरचे फोन

भेंडेवाडीत घरं त्रेचाळीस, चालू फोन एकशे अठरा. त्यांतले एकशे सहा ‘उतारवेध’ या सेवेला जोडलेले होते. प्रत्येक फोनमध्ये दाण्याएवढा कलमापक असतो. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ते त्याच्यामुळेच. घराघरांत टेकवून ठेवलेल्या या फोनांचा कल एकत्र पाहिला, की वाडीवरचा डोंगर सरकतोय का ते उतारवेधला कळे.

सोमवारी सकाळी तालुक्याच्या कचेरीत शाल्मलीच्या पडद्यावर एकशे सहाच्या जागी शून्य आलं. भूशास्त्राची पदवी घेऊन ती नुकतीच इथे लागली होती. आदल्या आठवड्यात डोंगर किंचित हलल्यासारखा दिसला होता. खात्रीसाठी आणखी तीन आठवड्यांची मोजणी हवी होती. तिनं उतारवेध चालवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

“खासगीपणाच्या तक्रारी आल्या, मॅडम. सेवा बंद केली.”

“दुरुस्त का नाही केली?”

“दुरुस्तीला आठ महिने लागतात, बंद करायला एक दुपार. आणि तुमच्यासारख्या वाड्या एकूण एकोणीसच, परवडत नाही.”

दुपारी ती वाडीत पोचली. तक्रार कुणी केली, असं विचारताच ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या इंदुमती उतेकरांनी मान वर केली.

“मी केली. का, धरून न्यायला आलीस?”

“नाही काकू. कारण विचारायला आले.”

“झोपेच्या गोळ्या विकणाऱ्याचा फोन आला मला. म्हणे, ताई, रोज रात्री तीन वाजता उठून फेऱ्या मारता, त्रास होतो का? घरातल्या सुनेला ठाऊक नाही ते त्या मेल्याला ठाऊक!”

शाल्मली ओशाळली. “फोनच्या हलण्यावरून कळलं त्यांना. डोंगर मोजायला तुमच्या फेऱ्या साठवायची, विकायची गरजच नव्हती.”

“मग डोंगराचं काय आता? तो माझ्याही डोक्यावर आहे, बाय.”

“घरात पडून असलेला जुना फोन आहे? सिमकार्डाशिवाय चालेल.”

“एक? तीन आहेत. त्यातला एक कुणाचा ते देवालाच ठाऊक.”

शाल्मलीनं एका फोनमध्ये गवंड्याच्या पाणसळीसारखा कल दाखवणारा छोटा प्रोग्रॅम भरला. जोत्यावर रंगानं चौकट आखली. फोन चौकटीत ठेवून आकडा वाचायचा, मग फोन उलट्या दिशेनं फिरवून पुन्हा वाचायचा. दोन आकड्यांतल्या फरकाचं अर्ध म्हणजे जोत्याचा खरा कल. फोनची स्वतःची चूक त्यात गळून पडते. दर रविवारी सकाळी सातला, असे चार रविवार. निदान तीस घरं तरी हवीत, नाहीतर सरासरीला अर्थ नाही.

“आकडा ज्याचा त्यानं आपल्या वहीत लिहायचा,” इंदुमतींनी अट घातली. “तुला द्यायचा की नाही, तेही त्यानंच ठरवायचं.”

शाल्मलीला धाकधूक वाटली, तरी तिनं मान्य केलं. रविवार येईपर्यंत दोघी रोज चिखल तुडवत दारोदार फिरल्या.

“बंद पाडलीस तूच, नि आता दारात येतेस होय गं इंदे?” एका म्हाताऱ्यानं टोमणा मारला.

“येणारच. ते न विचारता घेत होते, मी विचारून मागतेय. दे नाहीतर नको देऊ.”

त्यानं फोन आणायला नातीला आत पिटाळलं.

चौथ्या रविवारी चौतीस घरांनी वह्या दिल्या. शाल्मलीनं आकडे दोनदा पडताळले. इंदुमती शेजारी उभ्या होत्या.

“वाच,” त्या म्हणाल्या.

चौतिसांपैकी एकतीस जोती दरीकडे कललेली. तीन आठवड्यांत वाढलेला सरासरी कल ०.२४ अंश, त्यातला ०.१५ अंश शेवटच्या आठवड्यातला. डोंगर सरकत होता, आणि त्याचा वेग वाढत होता.